पावसाळ्यात चोर्ला घाटासाठी गोल्फ जीटीआय सोडून टॉर्क व्हेक्टरिंगवाली (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळा जोर देणारी) ऑल-व्हील ड्राइव्ह घ्यावी का?

घाटातल्या ओल्या वळणावरून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की जीटीआयची पुढची चाकं (इंजिनाचा जोर फक्त त्यांनाच मिळतो) पकड सोडून जागीच फिरतात आणि नाक बाहेर सरकतं, एवढीच तक्रार असेल तर आधी टायर बघा. कायद्याने 1.6 मिमी खाच चालते, पण गोव्याच्या पावसात 3 मिमीलाच टायर बदलावेत. हवा गाडी थंड असतानाच तपासा.

टॉर्क व्हेक्टरिंगचा फायदा खरा आहे. मर्सिडीज-एएमजी ए45 एस या ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीत मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळा मल्टिप्लेट क्लच (अनेक चकत्या दाबून जोर कमी-जास्त पोचवणारा क्लच) आहे. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त जोर मिळतो आणि गाडी आत वळते. पण हे पाय ॲक्सिलरेटरवर असतानाच. वेग जास्त ठेवून वळणात शिरलात आणि पाय काढलात, तर ती यंत्रणा फारसं काही करत नाही. ब्रेकिंगचं अंतरही तिच्यामुळे कमी होत नाही. तिथे सगळी भिस्त टायरवरच.

खर्चाची खरी बाब पुढे येते. जांभ्या दगडावर एक टायर फाटला, तर एकटा नवा बसवू नका. नव्या-जुन्या टायरच्या घेरातल्या फरकामुळे चाकं सतत कमी-जास्त फिरतात, क्लच घसरत राहतात आणि तापतात. म्हणून चारही टायर एकाच मॉडेलचे, जवळपास सारखे झिजलेले हवेत. हे क्लच असलेल्या मागच्या युनिटचं तेल मॅन्युअलमधल्या मुदतीत बदला. सेकंडहँड घेताना त्याची नोंद आधी मागा.

रोजचा प्रवास पणजी-मडगाव असेल तर माझं स्पष्ट मत: जीटीआय ठेवा, चार चांगले टायर घाला. दर आठवड्याला घाट किंवा अधूनमधून ट्रॅक असेल, तरच बदला.