जुना रेंजफाइंडर कॅमेरा (व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे बघायच्या खिडकीत, दिसणाऱ्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा तो) घ्यावा का? आणि असे कॅमेरे बनवणाऱ्या छोट्या कंपन्या पुढे टिकतील का?

जरूर घ्या. फक्त कंपनी टिकेल की नाही हे बघून कॅमेरा निवडू नका. नेमक्या याच मुद्द्यावर माझा आणि माझ्या साडूंचा वर्षानुवर्षं वाद चालू आहे, म्हणून एवढं लिहायला बसलो.

साडूंचं म्हणणं असं, की ज्या वस्तूचं सर्व्हिस सेंटर नाही ती दारात आणायची नाही. सांगलीला एक जुना फोटो स्टुडिओ बंद होत होता, तिथून मी कॅननचा कॅनोनेट क्यूएल१७ जीथ्री हा रेंजफाइंडर घेतला. १९७२ सालचं मॉडेल, ४० एमएम एफ १.७ लेन्स. शटरची पाती तेलानं चिकटलेली, मागच्या झाकणाच्या खाचेतल्या फोमचा चिकट काळा गाळ झालेला. गणपतीत सगळे जेवायला बसलेले असताना साडू म्हणाले, "भंगारात पैसे घातलेस." ते मला चांगलंच लागलं.

पुण्यात एका म्हाताऱ्या रिपेअरवाल्या काकांकडे तो दिला आणि समोरच बसून राहिलो. त्यांनी लेन्सची पुढची रिंग सोडवली, लायटरच्या पेट्रोलनं पाती पुसली, परत पुसली, शटर मोकळं उघडमीट करेपर्यंत पुसत राहिले. गाळ खरवडून काढला आणि त्या खाचेत काळ्या लोकरीचा धागा बसवला. मग वरचं कव्हर काढून, खिडकीतून लांबच्या पाण्याच्या टाकीकडे बघत स्क्रू हळूहळू फिरवला. व्ह्यूफाइंडरमधल्या दोन टाक्यांची एक टाकी झाली तेव्हाच हात थांबवला. त्यांनी घेतलेले पैसे मला आजही कमी वाटतात. साडूंच्या दिवाणखान्यात आमच्या सासऱ्यांचा जो फोटो लावलाय, तो याच कॅमेऱ्यातला आहे.

साडूंनी स्वतः परदेशातून एक महागडा डिजिटल कॅमेरा आणला होता. त्याचा मेन बोर्ड गेला. कंपनी आजही जोरात चालू आहे, पण उत्तर आलं की या मॉडेलचे पार्ट आता मिळत नाहीत. लोकरीचा धागा घालून बोर्ड दुरुस्त होत नाही. कंपनी जिवंत असणं आणि तुमचा कॅमेरा जिवंत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच मी त्यांना सांगत आलोय.

आता कंपन्यांचं. २००४-०५ मध्ये लायका ही जर्मन कॅमेरा कंपनी बुडायच्या बेतात होती. आंद्रेआस काउफमान यांनी पैसा घातला म्हणून वाचली, आणि २०२२ मध्ये तिनं १९८४ चा एम६ हा रोलचा रेंजफाइंडर पुन्हा बनवायला घेतला. कोनिकाचा हेक्सार आरएफ हा रेंजफाइंडर उत्तम होता, पण कंपनी मिनोल्टाशी एक झाल्यावर २००६ मध्ये कॅमेऱ्याचा धंदाच संपला. एप्सनचा आरडी१ हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर, २००४ चा. त्याचा सांगाडा जपानच्या कोसिनाचा. कोसिनानं फोइग्टलेंडर बेसा हे कॅमेरे २०१५ मध्ये थांबवले, लेन्सा मात्र अजून बनवते. माझं मत स्पष्ट आहे: छोटी कंपनी बॉडीवर जगत नाही, लेन्सवर जगते. लायकाचा एम माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स बसवायची खोबण, १९५४ पासून तोच आहे आणि आज बाकीचेही त्यासाठी लेन्सा बनवतात. फ्रान्समधल्या पिक्सी या छोट्या कंपनीनंही तोच माउंट घेतला. त्यामुळे लेन्स बदलता येणारा कॅमेरा घ्यायचा असेल तर एम माउंटच बघा.

घेताना लेन्समधून टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, सोडून द्या. मुंबई-कोकणातला माल असेल तर जास्तच बघा. लांबच्या दिव्यावर फोकस करा, दोन्ही प्रतिमा आडव्या आणि उभ्याही जुळल्या पाहिजेत. याशिका इलेक्ट्रो ३५ असेल तर रोल पुढे सरकवताना आतून 'खट' असा आवाज यायला हवा. नाही आला तर आतलं रबर गेलंय, शटर स्पीडचा भरवसा नाही. झोर्की या जुन्या रशियन कॅमेऱ्याचा शटर स्पीड रोल पुढे सरकवून शटर ताणल्यानंतरच बदलायचा, आधी फिरवला तर यंत्र बिघडतं, आणि विकणारे हे सांगत नाहीत. कॅनोनेटचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही, कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल चालतो. सेल नसला तरी शटर चालतं, फक्त उजेड तुम्हाला ओळखावा लागतो.

आणि हो, रोल, धुलाई, स्कॅनिंग यांचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीला बघता बघता मागे टाकतो. मुलांचे अगदी जवळून फोटो काढायचे असतील तर रेंजफाइंडर घेऊच नका. बहुतेक मॉडेलं पाऊण-एक मीटरच्या आत फोकस करत नाहीत. हे सगळं मान्य असेल तर पैसे द्यायच्या आधी तुमच्या गावात किंवा कुरियरनं पोचेल असा एक रिपेअरवाला शोधा आणि त्याला मॉडेलचं नाव सांगून विचारा. तो "आणा" म्हणाला तर घ्या, मग कंपनी १९७२ लाच बंद पडलेली का असेना.