पझलसाठी कोणतं ब्लेड घेऊ?

प्रश्न: नमस्कार, मी ६ मिमी प्लायवर चित्र चिकटवून स्क्रोल सॉवर (बारीक ब्लेड वरखाली हलवून नक्षी कापणारं मशीन) जिगसॉ पझल कापतो. मशीनबरोबर आलेल्या पिनवाल्या (दोन्ही टोकांना आडवी पिन असलेल्या) ब्लेडने तुकडे सैल बसतात, खालच्या बाजूला प्लायची कुसळं निघतात. मित्राच्या मशीनवर २/० नंबरचं बारीक ब्लेड लावून पाहिलं तर ते सारखं तुटतंय. नेमका कोणता नंबर घेऊ? स्पायरल, म्हणजे पीळ दिलेलं ब्लेड, चारी बाजूंनी कापतं म्हणे, ते चालेल का? आणि काही तुकडे फक्त एकाच बाजूने आत जातात, ते का?

उत्तर: पिनवालं ब्लेड पझलसाठी नकोच. पिन बसवायची म्हणून त्या ब्लेडला जरा जाड ठेवावंच लागतं, मग कापाची फट रुंद पडते, आणि पझलमध्ये जेवढं लाकूड भुशात गेलं तेवढा सैलपणा आलाच, तो नंतर कशानेच भरून निघत नाही. तेव्हा आधी तुमच्या मशीनला बिनपिनचं ५ इंची ब्लेड बसतं का ते बघा, नसेल तर त्यासाठीचे क्लॅम्प मिळतात का ते विचारा.

नंबरचं म्हणाल तर २/० अगदी बरोबर निवडलंत. आकडा वाढला की ब्लेड जाड होतं, आणि शून्याच्या खाली उलटं, ३/० हे २/० पेक्षाही बारीक. २/० ची जाडी साधारण पाव मिमी असते, ५ नंबरची ०.४ मिमीच्या आसपास, कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. ऐकायला फरक किरकोळ वाटतो पण शेकडो तुकड्यांचं पझल उचललं की तो हाताला लगेच कळतो. अगदीच जमत नसेल तर १ नंबर घ्या, त्याच्या वर मात्र जाऊ नका.

आता तुटण्याचं. माझ्या मते ९०% वेळा दोष ब्लेडचा नसतो, टेंशनचा (ब्लेड किती ताणलंय त्याचा) आणि हाताचा असतो. ब्लेड नखाने छेडलं तर तारेसारखा टणकन आवाज यायला हवा, बोटाने बाजूला दाबलं तर ३ मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. नवीन ब्लेडला तेल असतं, त्याने ते क्लॅम्पमधून निसटतं, म्हणून दोन्ही टोकं स्पिरिटने पुसून मगच लावा. आणि पझलच्या त्या गोल डोक्याच्या बारक्या मानेपाशी आलात की ढकलणं थांबवा, लाकूड किंचित स्वतःकडे ओढून ब्लेडच्या पाठीला टेकवा म्हणजे दाते कापत नाहीत, आणि तिथल्या तिथे फिरवा, ब्लेड चालूच राहू द्या. वळताना जोर बाजूने लागला की बारीक ब्लेड गेलंच समजा! प्लायमधला गोंद दाते लवकर बोथट करतो, जोर जास्त लावावा लागतोय किंवा जळका वास येतोय म्हणजे ब्लेड बदलायची वेळ झाली, काटकसर करू नका.

आणखी एक, ब्लेडच्या एका कडेला बनवतानाची खर (धातूची बारीक खरखरीत कड) राहते त्यामुळे कापताना ते एका बाजूला ओढतं. रेघ सोडून जातंय म्हणून लाकूड बळेच सरळ दाबू नका, जरा तिरपं धरून ढकला.

स्पायरल नको. फट रुंद आणि खरखरीत पडते, त्यात ते ताणलं जाऊन लांबतं. कुसळांसाठी रिव्हर्स दात्यांचं ब्लेड घ्या, त्यात खालचे काही दाते उलटे वर तोंड करून असतात. ब्लेड सगळ्यात वर गेलेलं असताना त्यातले दोन-तीनच टेबलाच्या वर दिसतील असं बसवा, जास्त दिसले तर लाकूड उचललं जाऊन थडथडतं. खालून मास्किंग टेप लावलीत तर आणखी बरं.

एकाच बाजूने तुकडे जातात म्हणजे टेबल ९० अंशात नाही. टाकाऊ तुकड्यावर छोटा काप घ्या, मशीन बंद करा, तोच तुकडा फिरवून तो काप मागच्या बाजूने ब्लेडवर चढवा. अलगद सरकला तर टेबल सरळ, अडला तर थोडं थोडं वळवून परत बघा.