पहिला जुना दिवा हाती घेताना

कारखान्यातला जुना दिवा मिळाला की तो घासून चकचकीत करायचा मोह होतो. तो आवरा. तारेच्या ब्रशने एनॅमलची, म्हणजे धातूवर भाजून बसवलेल्या काचेसारख्या थराची, झळाळी कायमची जाते. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि कोरडं घासलं की त्याची धूळ श्वासावाटे आत जाते. कोमट पाणी, साबण आणि मऊ फडकं बहुतेक वेळा पुरतं. कडेचे टवके राहू द्या. मला तर त्यांच्यामुळेच दिवा देखणा वाटतो.

खरं लक्ष हवं वायरिंगकडे. जुन्या वायरीचं रबर वाळून कडक होतं आणि वाकवताच तुकडे पडतात. 'पेटतोय ना, मग राहू दे' ही नवख्यांची सगळ्यात धोकादायक चूक.

- आतली वायर आणि होल्डर नवे बसवा. धातूच्या भागाला अर्थिंग हवंच. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.
- मर्क्युरी (पाऱ्याच्या वाफेच्या) दिव्याचा जुना कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा बंद डबीसारखा भाग, उघडू नका. १९७० च्या दशकापर्यंतच्या कपॅसिटरमध्ये पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं.
- दिव्याचं वजन छतातल्या हुकाने पेलायला हवं, वायरीने नाही.

बल्ब एलईडीच घ्या, २७०० केल्विनचा (हा आकडा उजेडाच्या रंगछटेचा, बल्बच्या खोक्यावर असतो). उजेड उबदार पडतो आणि शेड फारशी तापत नाही.

पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला भुकटीचा रंग), पॉलिश हे सगळं नंतर. आधी साध्या एनॅमल शेडचा एकच दिवा घ्या आणि तो पूर्ण करा. अडलात तर फोटोसकट विचारा, नक्की सांगेन.