घरात दोन धर्म, मुलगी आंदोलनात

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आई गोव्यातल्या डिचोलीच्या मराठी घरातली हिंदू, वडील वास्कोजवळचे ख्रिस्ती. एकवीस वर्षांची मुलगी कोळसा वाहून नेणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्धच्या सभांना जाते. आईने समुपदेशनात विचारलं, आणि अशा घरांतून हेच विचारलं जातं: "तिला ना इकडचं ना तिकडचं, म्हणून ती तिथे ओढली गेली का?"

नाही. मुलीचं कारण साधं होतं: शामायच्या (वडिलांच्या आईच्या) खिडकीवर रोज बोट फिरवलं की काळं होतं. कोळशाची पूड. तिला ओळख शोधायची नव्हती.

मग भांडण कशाचं? ते कळायला तीन पिढ्यांचा नकाशा काढायला दिला. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. शेजारी गाव, घरची भाषा आणि गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, या 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात कोणाची बाजू. पहिला कागद आईने एकटीने भरला, सासरकडचा रकाना कोराच. म्हणून मुलीने एकेका वडीलधाऱ्याला एकटं गाठायचं, वीस मिनिटं, फक्त विचारायचं आणि लिहायचं असं ठरवलं. दोघांना एकत्र बसवलं की नातीला पंच केलं जातं, आणि तिथेच सगळं बिघडतं.

आजो (आईचे वडील) विलीनीकरणाच्या बाजूने, कौलातलं चिन्ह फूल. शामाय विरोधात, चिन्ह दोन पानं. विलीनीकरण सुमारे 34 हजार मतांनी हरलं. या घरात लग्नानंतर त्यावर कोणी चकार शब्द काढला नव्हता. कोळशाचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण आजोंना नात 'त्यांच्या' बाजूला उभी राहिल्यासारखी वाटत होती. हे त्यांनी स्वतः सांगितलं, तेव्हा मुलगी प्रथमच गप्प बसून ऐकत होती.

दुसऱ्या कागदावर मुलीच्या आंदोलनाबद्दलची भीती आणि नापसंती वेगळी लिहायची. नापसंतीवर तोडगा निघेलच असं नाही, भीतीवर निघतो. अटक झाल्यास 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं (प्रवासाचा वेळ सोडून). सूर्यास्तानंतर, सूर्योदयापूर्वी बाईला अटक अपवादात्मक परिस्थितीतच, तीही महिला पोलीस अधिकाऱ्याने आणि दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने. बाईला मोफत विधी सेवेसाठी उत्पन्नाची अट नाही; 15100 वर फोन करता येतो. हे ऐकल्यावर आईची झोप परतली.

घरात ठरलं: जाताना ठिकाण आणि परतायची वेळ सांगायची, जेवताना वाद नाही. दोनदा मोडलं, फोन बंद पडला म्हणून. आता सोबतच्या मैत्रिणीचा नंबर फ्रिजवर चिकटवला आहे. आजोंचा विरोध कायम आहे.