बाळंतपणानंतर केस खूप गळत आहेत, लांब केस कापून छोटे करावेत का?

उत्तर आधीच देऊन टाकते, कारण पुढे मी भरकटणार आहे. कापा. पण खांद्याच्या वर जाऊ देऊ नका. रबरबँडमध्ये मावतील इतके ठेवा.

तुम्ही लिहिलंय की बाळ चार महिन्यांचं आहे, केस कमरेपर्यंत आहेत, कंगवा फिरवला की मूठभर गुंतवळ निघतं, सासूबाई म्हणतात सवाष्णीनं केस कापू नयेत आणि नवरा म्हणतो, ‘तुझं तू ठरव.’ या शेवटच्या वाक्याला मी हातातला चहा खाली ठेवला. माझं बाळ आता नऊ वर्षांचं आहे आणि ते वाक्य माझ्या घरात अजून मिटलेलं नाही.

माझी वेणीही कमरेपर्यंत होती. गरोदरपणात तर ती मनगटाएवढी जाड झाली. काकू-माम्या येऊन हात लावून बघायच्या. बाळंतपण सासरीच झालं, कारण माझी आई तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे अंथरुणावर होती. दोन महिने रोज शेकशेगडी. नहाणं झालं की शेगडीत ऊद, ओवा, बाळंतशेपा टाकून केसांना धुरी. एवढे केस वाळायला दीड तास लागायचा आणि तेवढ्यात मुलगा दोनदा उठायचा. तरी मी तक्रार केली नाही, वास आवडायचा मला तो. तिसरा महिना संपता संपता गळती लागली. उशीवर, वरणात, बाळाच्या मुठीत, नवऱ्याच्या ऑफिसच्या शर्टावर, सगळीकडे केस. मालिशवाल्या मावशी म्हणायच्या, ‘बाळ हसायला लागलं की आईचे केस जातात, पोरगं हसण्यात ओढून घेतं.’ सासूबाई मात्र माझं गुंतवळ नीट गोळा करून न्हाणीघराच्या खिडकीत एका पिशवीत ठेवायच्या. का, ते मी विचारलं नाही. पूर्वी केसांवर भांडी देणाऱ्या बायका यायच्या, त्यातली सवय असेल म्हणून सोडून दिलं. ही पिशवी लक्षात ठेवा.

मी म्हटलं, कापते. सासूबाई म्हणाल्या, ‘सवाष्णीनं केसांना कात्री लावू नये.’ नवरा म्हणाला, ‘तुझं तू ठरव. पण आईला एकदा विचार.’

तुमच्या नवऱ्याच्या वाक्यातही तो ‘पण’ असणार, तुम्ही लिहिला नसेल इतकंच.

आमचं घर पुण्यात, कर्वेनगरात. म्हणजे जुनं हिंगणं, जिथं धोंडो केशव कर्व्यांनी १९०० मध्ये आपला विधवांचा आश्रम नेला. त्याच कर्व्यांनी १८९३ मध्ये पुण्यात एका विधवेशी लग्न केलं. त्याआधी ‘सुधारक’मधून आगरकरांनी केशवपनावर झोड उठवली होती, आणि १८९० मध्ये मुंबईत कामगारनेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं नाभिकांनीच ठरवलं होतं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. हे सगळं मी त्या रात्री जेवणाच्या टेबलावर सांगितलं. नवरा असेपर्यंत केस कापायचे नाहीत आणि तो गेला की ठेवायचे नाहीत, हा एकच नियम आहे, त्याची एक बाजू शंभर वर्षांपूर्वी या गावानं मोडली आणि दुसरी आपण अजून सांभाळतोय, असं मी म्हटलं. मला वाटलं, काय मुद्दा मांडला! नवरा म्हणाला, ‘छान बोललीस. भाजी घे.’

म्हणून नाहीच कापले. चूक माझीच. विचारायला गेलं की नकार मिळायची सोय होते.

मग ती डिसेंबरातली रात्र. पुण्यात थंडी चांगली होती, मुलाच्या पायात लोकरीचे मोजे. साडेअकराला जो रडायला लागला तो थांबेना. दूध घेईना, खांद्यावर राहीना. सासूबाईंनी पोटाला हिंग लावला. मग मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. सासरे म्हणाले, दात येत असतील. नवरा त्याला घेऊन हॉलमध्ये पहाटे चारपर्यंत फेऱ्या मारत होता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. सकाळी मावशी मालिशला आल्या, मोजा काढला आणि ओरडल्याच. उजव्या पायाचं मधलं बोट लालभडक, टमटमीत सुजलेलं, आणि बुडाशी एक बारीक खाच. खाचेत माझा केस. दोन-तीन वेढे घट्ट बसलेले.

रिक्षानं डॉक्टरांकडे जाईपर्यंत मी काय काय मनात आणलं ते लिहीत नाही. डॉक्टरांनी भिंग लावून बारीक कात्रीच्या टोकानं तो केस कापला, वेढे एकेक करून काढले, परत परत बघितलं. बोट वाचलं. संध्याकाळपर्यंत सूज उतरायला लागली. डॉक्टर म्हणाले, हे याच महिन्यांत होतं, कारण आईचे केस याच महिन्यांत गळतात. मोज्यात, दुपट्यात, झबल्यात केस अडकतो, बाळ पाय हलवत राहतं आणि वेढा आवळत जातो. वेळेत लक्षात आलं नाही तर बोटाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून केस कापा नाहीतर ठेवा, रोज बाळाची हातापायाची वीसच्या वीस बोटं बघा. मुलगा असेल तर शूच्या जागीही बघा, लाजू नका. मोजे उलटे करून धुवा आणि घालण्याआधी आत बोट फिरवा. तुमच्या सगळ्या प्रश्नात खरं घाईचं एवढंच आहे आणि ते तुम्ही विचारलेलंच नाही.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘केस नीट बांधून ठेवायला काय होतं?’

मी काही बोलले नाही. मुलाला पाजलं, झोपवलं, नवऱ्याच्या मांडीवर दिलं आणि चप्पल घालून निघाले. पार्लरमधली मुलगी विशीतली असेल. तिनं तीनदा विचारलं, ‘मॅडम, नक्की ना? नंतर रडतात लोकं.’ मी म्हटलं, कानापर्यंत काप. तिनं वेणीला वर-खाली रबर बांधून वेणी अख्खी कापली आणि साडीच्या दुकानातली असावी अशा एका पिशवीत घालून दिली. कॅन्सरच्या रुग्णांच्या टोपासाठी देऊ म्हणून मी ती घरी आणली.

घरात आठवडाभर सुतक असल्यासारखी शांतता. गंमत बघा, पुढे मुलाचं जावळ काढलं तेव्हा मामाच्या मांडीवर बसवून, पेढे वाटून, फोटो काढून. आईचे केस गेले तर तोंडं पाडायची, पोराचे गेले तर जेवणावळ.

आता जे मी नऊ वर्षांत कुणाजवळ कबूल केलं नाही ते इथं लिहिते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. कानापर्यंतचे केस ही घोडचूक होती. पाजताना खाली वाकलं की सगळे केस तोंडावर. अंबाडा नाही, वेणी नाही, क्लचर टिकत नाही. तुळशीबागेतून डझनभर टिकटॅक पिना आणल्या, त्याही मुलगा काढून तोंडात घालायचा, म्हणजे आणखी एक काळजी. लांब केस आठवड्यात दोनदा धुतले की भागायचं, हे रोज सकाळी कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे. दर दीड महिन्यानं आकार बिघडायचा, आणि तान्ह्या मुलाला कुणाकडे ठेवून पार्लर गाठायचं? सासूबाईंकडे? शिवाय गळती होती तशीच राहिली. ती का थांबेल? मूळ डोक्यात असतं, कात्री टोकाला लागते.

गळण्याचं कारण साधं आहे. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढलेलं असतं, त्यामुळे एरवी रोज गळणारे पन्नास-शंभर केसही डोक्यावरच राहतात. बाळंतपणानंतर ते झपकन उतरतं, राहून गेलेले सगळे केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि साधारण तीन महिन्यांनी एकदमच सुटतात. मावशींचं हसण्याचं गणित तारखेपुरतं बरोबर होतं. चौथ्या महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त गळतं आणि बहुतेक जणींचं सहा महिने ते वर्षभरात आपोआप आटोक्यात येतं. लांब केसांचा गोळा मोठा दिसतो म्हणून धडकी भरते, केस तितकेच असतात. आळिवाचे लाडू खा, चांगले असतात, लोह असतं त्यात. केसांवर जादू मात्र करत नाहीत.

कापण्याचा फायदा एवढाच की धुणं-वाळवणं-विंचरणं सोपं होतं, ओझं कमी होतं आणि कपाळावर नवे केस साळिंदरासारखे उभे राहतात तेव्हा ते बाकीच्यांत जरा मिसळतात. तेवढ्यासाठी खांद्यापर्यंतची लांबी पुरते. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. माझे कानापासून खांद्याला टेकायला वर्ष लागलं आणि पुन्हा कमरेपर्यंत काही गेले नाहीत. मला नकोही होते. पण ‘नको होते’ आणि ‘रागानं कापले’ यात फरक आहे, आणि मी कापले ते रागानं. बोटाला केस अडकला होता म्हणून नव्हे, ‘बांधून ठेवायला काय होतं’ या वाक्याला उत्तर म्हणून. ते उत्तर वर्षभर माझ्याच डोक्यावर उभं होतं.

त्या पिशवीचं राहिलं. वेणी कपाटात ठेवली होती, ती द्यायची राहून गेली. मग एकदा शोधली तर नाही. सव्वा वर्षानं चुलतदिराच्या लग्नात सासूबाई नऊवारीत, आणि मागे हा एवढा अंबाडा. त्यांचे स्वतःचे केस तोपर्यंत उंदराच्या शेपटीएवढे राहिले होते. सगळ्या बायका विचारताहेत, वहिनी, काय लावता केसांना? मी मागून नीट बघितलं. रंग माझा, वळण माझं. माझी वेणी आणि खिडकीतल्या पिशवीतलं माझं गुंतवळ असं मिळून पेठेतल्या कुणाकडून तरी त्यांनी गंगावन करून घेतलं होतं. सवाष्णीनं केस कापू नयेत, पण सुनेचे कापलेले केस सवाष्णीनं माळले तर चालतात, हे शास्त्र मला त्या दिवशी कळलं. मी काही बोलले नाही. जेवणाच्या पंगतीत त्यांनी माझ्या ताटात न विचारता दोन जिलब्या जास्त वाढल्या. ते गंगावन आजही त्यांच्या कपाटात आहे, डांबराच्या गोळ्यांसकट, आणि मला सांगायला आवडत नाही पण त्यांना शोभतं.

नवरा अजून म्हणतो, ‘मी नको म्हटलं नव्हतं.’ बरोबर आहे. तू नको म्हटलं नव्हतंस. ‘मी आईशी बोलतो’ असंही म्हटलं नव्हतंस. तुझं-तू-ठरव म्हणजे भांडण तू कर, मी पंगतीला येतो. तुमच्या नवऱ्याला हा परिच्छेद वाचायला द्या.

मी डॉक्टर नाही, बँकेत आहे, म्हणून एवढं आणखी. वर्ष होऊन गेलं तरी गळती थांबली नाही, चकत्यांसारखी जागा मोकळी झाली, किंवा सोबत फार थकवा, धडधड, वजनात कारण नसताना फरक असं काही असेल तर केसांचं तेल बदलत बसू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणं काही विरळा नाही आणि रक्तस्राव जास्त झाला असेल तर लोह कमी असू शकतं. पाजत असाल तोवर मिनॉक्सिडिलसारखं केस वाढवायचं औषध मैत्रिणीच्या सांगण्यावरून लावू नका, आधी डॉक्टरांना विचारा. केसांबाबत डॉक्टरांना विचारलेलं चालतं. बाकी कुणाला विचारायची गरज नाही.

जाल तेव्हा बाळ पोटभर पिऊन झोपलेलं असू दे आणि घरात त्या दिवशी कुणाशी काही झालेलं नसू दे. लांबी बोटानं दाखवा, तोंडी सांगू नका, पार्लरवाल्यांचं ‘थोडंसं’ आपल्यापेक्षा बरंच मोठं असतं. आणि वेणी दान करायची असेल तर परस्पर तिथूनच द्या. घरी आणलीत तर कुलपात ठेवा.