शब्दचर्चा : ‘विभक्त कुटुंब’, ‘भग्न कुटुंब’ आणि एक ‘मुळे’

समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातील कौटुंबिक जीवन आणि तेथील अल्पवयीन मुलांची गुन्हेगारी यांविषयी जे संशोधन झाले आहे त्याचा मराठीत आढावा लिहिताना ‘ब्रोकन होम’ (शब्दशः ‘मोडलेले घर’, म्हणजे आईवडील एकत्र राहत नाहीत असे घर) या संज्ञेसाठी ‘भग्न कुटुंब’ वापरावे की ‘विभक्त कुटुंब’. त्यांनी योजलेले शीर्षक असे आहे : ‘कृष्णवर्णीय समाजातील विभक्त कुटुंबांमुळे निर्माण होणारी बालगुन्हेगारी’. प्रश्न एका शब्दाचा असला तरी या शीर्षकातील जवळजवळ प्रत्येक शब्दाशी थांबावे लागेल, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

‘विभक्त कुटुंब’ येथे चालणार नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. मराठीत या जोडशब्दाचा अर्थ पक्का ठरलेला आहे. शाळेच्या पुस्तकापासून आपण ‘एकत्र कुटुंब’ आणि ‘विभक्त कुटुंब’ अशी जोडी शिकत आलो, आणि तिथे विभक्त कुटुंब म्हणजे आई, वडील आणि त्यांची मुले एवढ्यांचेच घर. भाऊ विभक्त झाले म्हणजे चुली वेगळ्या झाल्या; तहसील कचेरीत ‘विभक्त शिधापत्रिका’ मागणारा माणूस आपल्या बायकोमुलांसाठी वेगळे कार्ड मागत असतो, बायकोपासून वेगळे झाल्याचे सांगत नसतो. गोंधळ होतो तो अशासाठी की ‘पती-पत्नी विभक्त राहतात’ हा प्रयोगही बरोबर आहे आणि न्यायालयीन भाषेत ‘न्यायिक विभक्तता’ही आहे. पण ‘विभक्त’ हे विशेषण दांपत्याला लागले तर एक अर्थ होतो आणि कुटुंबाला लागले तर अगदी दुसरा. आपल्या विषयात तर तो नेमका उलटा पडतो. आईवडील आणि मुले एका छपराखाली राहतात अशा ज्या घराला अमेरिकेतील धोरणकर्ते आदर्श मानत होते, त्यालाच मराठी वाचक ‘विभक्त कुटुंब’ म्हणतो. आपले शीर्षक वाचून त्याला वाटेल की अमेरिकेत एकत्र कुटुंबपद्धती मोडल्याने मुले बिघडली. असे त्या संशोधनात कोणी म्हटलेले नाही.

‘भग्न’ या शब्दाची अडचण वेगळी आहे. त्याचा अर्थ चुकत नाही, पण तो निकाल देऊन मोकळा होतो. आपल्याकडे मूर्ती भग्न झाली की ती पूजेला चालत नाही, तिचे विसर्जन करतात. ‘भग्न कुटुंब’ म्हटले की ते घर कामातून गेले, त्यात वाढलेल्या मुलाकडून आता काय अपेक्षा करायची, एवढे सगळे त्या दोन अक्षरांत येऊन बसते. इंग्रजी संज्ञेलाही हाच डाग आहे, आणि म्हणूनच पुढच्या पिढीतील अभ्यासकांनी ती हळूहळू बाजूला ठेवली. तिच्या इतिहासातली एक गोष्ट आपल्या आढाव्यात यावी असे मला वाटते. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या गुन्हेगारीच्या अभ्यासक दांपत्याचा घर आणि गुन्हेगारी यांवरील गाजलेला अभ्यास १९५० साली प्रसिद्ध झाला. तो बोस्टन परिसरातील ५०० गुन्हेगार ठरलेल्या आणि ५०० न ठरलेल्या मुलांचा होता, आणि ही सगळी मुले गोरी होती. म्हणजे ‘मोडलेले घर’ ही काही कृष्णवर्णीयांची ओळख म्हणून जन्मलेली कल्पना नव्हे. ती त्यांना नंतर चिकटली.

ती चिकटण्यात १९६५ सालच्या एका सरकारी अहवालाचा मोठा वाटा आहे. डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन हे तेव्हा अमेरिकेच्या कामगार खात्यात साहाय्यक सचिव होते. कृष्णवर्णीयांची जवळजवळ एक चतुर्थांश मुले विवाहाबाहेर जन्मतात, अनेक घरे स्त्रियांच्या आधारावर चालतात आणि या दुर्बलतेतून पुढचे प्रश्न उभे राहतात, असे त्यांनी मांडले. गुलामगिरीचा इतिहास आणि पुरुषांची बेकारी यांचाही अहवालात विस्ताराने विचार होता. पण लोकांच्या लक्षात राहिली ती एका प्रकरणाच्या मथळ्यातील शब्दयोजना, जिचा अर्थ ‘विकृतींचा गुंता’ असा होतो. एकदा ‘विकृती’ म्हटल्यावर बेकारीचे तक्ते कोण वाचणार? ‘पीडितालाच दोषी धरणे’ हा आज सर्वत्र रूढ असलेला वाक्प्रयोग मानसशास्त्रज्ञ विल्यम रायन यांनी १९७१ साली रुजवला, तोही याच अहवालावर टीका करताना.

तेव्हा पर्याय काय? मी दोन वेगळे शब्द सुचवतो, कारण इंग्रजीतही येथे दोन वेगळ्या कल्पना आहेत. स्थिती सांगायची असेल, म्हणजे घरात एकच पालक आहे एवढेच म्हणायचे असेल, तर ‘एकपालक कुटुंब’. त्यातही आईच घर चालवते हे महत्त्वाचे असेल तर ‘स्त्रीप्रमुख कुटुंब’. घटना सांगायची असेल, म्हणजे एकत्र असलेले पालक दुरावले, तर ‘पालकांची ताटातूट’. ताटातूट हा शब्द मला इथे फार मोलाचा वाटतो, कारण तो कोणाचा दोष ते बोलत नाही. भांडणाने झालेली, नोकरीपायी झालेली, तुरुंगामुळे झालेली, सगळी ताटातूटच. गुलामांच्या बाजारात नवरा एकाला आणि बायको दुसऱ्याला विकली जात असे, त्या प्रसंगालाही मराठीत याहून योग्य शब्द नाही. आणि अशी ताटातूट सोसूनही गुलामांनी विवाह आणि नाती पिढ्यान्‌पिढ्या जपली, हे इतिहासकार हर्बर्ट गटमन यांनी १९७६ साली मळ्यांच्या जुन्या नोंदींवरून दाखवून दिले.

‘पितृहीन’ हा शब्दही आपल्या मसुद्यात दोन ठिकाणी आहे, तो काढावा. पितृहीन, पोरका, बापाविना वाढलेला, या सगळ्यांत मराठी वाचकाला वडील वारल्याचे ऐकू येते. येथे वडील हयात असतात, बहुधा दुसऱ्या घरी राहत असतात आणि त्यांतले अनेक जण मुलांना नियमित भेटत असतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पाच वर्षांखालील मुलांसोबत राहणाऱ्या वडिलांना विचारले होते की मुलांना अंघोळ घालणे, कपडे किंवा लंगोट बदलणे ही कामे आपण रोज करता का. कृष्णवर्णीय वडिलांपैकी ७० टक्के आणि गोऱ्या वडिलांपैकी ६० टक्के जणांनी होकार दिला. ज्या समाजाच्या नावापुढे ‘पितृहीन’ लावण्याची सवय पडली आहे, त्याच्याविषयीचा हा आकडा आहे. ‘घरात न राहणारे वडील’ असे सरळ लिहावे. शब्द वाढले तरी चालतील. तसेच ‘मातृसत्ताक’ही टाळावे. आईवर सगळा भार पडणे आणि आईच्या हाती सत्ता असणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

‘एक्स्टेंडेड फॅमिली’साठी आपण ‘एकत्र कुटुंब’ लिहिले आहे. ते जमणार नाही, कारण एकत्र कुटुंबाची खूण एक चूल ही आहे. मानववंशशास्त्रज्ञ कॅरल स्टॅक यांनी अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील एका शहरातील गरीब कृष्णवर्णीय वस्तीत राहून १९७४ साली जे लिहिले, त्यात चुली अनेक आहेत. पण मूल आज आजीकडे जेवते, उद्या मावशीकडे झोपते, आणि रक्ताचे नाते नसलेली शेजारीणही त्या देवाणघेवाणीत नातलगच मानली जाते. याला आपल्याकडे सुंदर शब्द आहे : गोतावळा. ‘एकपालक कुटुंब’ असे रकान्यात लिहिलेल्या घराभोवती केवढा गोतावळा असू शकतो, हे त्या रकान्यात दिसत नाही, हीच अभ्यासातली खरी अडचण आहे.

आता ‘मुळे’. शीर्षकातील सर्वांत जड शब्द हाच, आणि आपण त्याविषयी विचारलेलेही नाही. मराठीत ‘मुळे’ लावला की कारण ठरले. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीडशेहून अधिक अमेरिकी शहरांची १९८० सालची आकडेवारी तपासली. कृष्णवर्णीय पुरुषांची बेकारी जेथे अधिक तेथे स्त्रीप्रमुख घरे अधिक, आणि जेथे अशी घरे अधिक तेथे जबरी चोरी व खून अधिक, विशेषतः अल्पवयीनांकडून, असे त्यांना आढळले. गोऱ्या लोकांतही कौटुंबिक विस्कळीतपणाचा परिणाम तसाच दिसला, म्हणून याला कृष्णवर्णीयांची वेगळी ‘संस्कृती’ कारण आहे असे म्हणता येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या ‘विभक्त कुटुंबांमुळे’ने ही गोष्ट मधूनच सुरू होते, बेकारी शीर्षकाबाहेर राहते. शिवाय बाण उलट्या दिशेनेही जातो. प्यू या अमेरिकी संस्थेच्या २०१० सालच्या अहवालानुसार अमेरिकेत दर ९ कृष्णवर्णीय मुलांमागे एकाचे आई किंवा वडील तुरुंगात होते. गोऱ्या मुलांत हे प्रमाण ५७ मागे एक होते. इथे गुन्ह्याच्या शिक्षेतून ताटातूट घडते. म्हणून एकत्र आढळण्याला ‘सहसंबंध’, सिद्ध झालेल्या कारणाला ‘कार्यकारणभाव’ आणि दोन्हींना मोकळे ठेवायचे असेल तेव्हा नुसता ‘संबंध’ असे तीन शब्द आढाव्यात शेवटपर्यंत वेगळे ठेवावेत. ‘मुळे’ वापरायचाच तर तो ज्या अभ्यासकाचा दावा आहे त्याच्या नावाने वापरावा.

‘बालगुन्हेगारी’विषयी थोडक्यात. अमेरिकेत ‘डेलिंक्वन्सी’च्या (‘बालगुन्हेगारी’साठीची इंग्रजी संज्ञा) अभ्यासांत शाळा बुडवणे, घरातून पळणे, रात्रीची संचारबंदी मोडणे हेही अनेकदा मोजले जाते, मराठी वाचक मात्र चोरी आणि हाणामारीच डोळ्यांपुढे आणतो. शिवाय काही अभ्यास पोलिसांनी केलेल्या अटका मोजतात, तर काही मुलांनी स्वतः सांगितलेली कृत्ये. अटकेच्या आकड्यात पोलिसांची नजर कुठे वळते हेही मिसळलेले असते. जेथे अटक मोजली आहे तेथे ‘अटक’ असेच लिहावे. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलांविषयी कलंक लावणारे शब्द वापरू नयेत असे तत्त्वच आहे, आणि ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा आता बातम्यांतूनही दिसणारा शब्द त्याच दृष्टीचा आहे. तो बोजड आहे, पण मुलासाठी तो वापरावा. विषयाच्या नावासाठी ‘अल्पवयीनांची गुन्हेगारी’ पुरेसे आहे. ‘कृष्णवर्णीय गुन्हेगारी’ हा समास मात्र कोठेही करू नये. १८७१ च्या कायद्याने आपल्याकडे ‘गुन्हेगार जमाती’ हा समास केला. कायदा १९५२ साली गेला, पण विमुक्तांना तो शब्द अजून भोगावा लागतो. मराठी माणसाला याहून जवळचा दाखला नको.

‘कृष्णवर्णीय’ ठेवावा. तो रंग सांगतो, समूहाची ओळख सांगत नाही, ही उणीव खरी आहे. इंग्रजीत २०२० पासून अनेक वृत्तसंस्था व वृत्तपत्रे पहिले अक्षर मोठे करून ती भरून काढतात, देवनागरीत ती सोय नाही. पण शब्द रुळलेला आणि सन्मानाचा आहे. जेथे फक्त अमेरिकेतील गुलामांच्या वंशजांविषयी बोलायचे असेल तेथे ‘आफ्रिकी-अमेरिकी’ लिहावे. जुन्या ग्रंथांच्या नावांतला ‘निग्रो’ शब्द नावातच राहू द्यावा, आपल्या वाक्यात आणू नये.

एवढे बदल केल्यावर शीर्षक असे होते : ‘अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातील कौटुंबिक जीवन आणि अल्पवयीनांची गुन्हेगारी : संबंधाविषयीच्या संशोधनाचा आढावा’. लांब आहे, हे मान्य. मार्गदर्शकांनी छोटे करायला सांगितले तर ‘आढावा’ काढावा, ‘संबंध’ काढू नये.