डाळिंबाचा शेंडा पिवळा पडला तो लोहाने नव्हे

प्रश्न (मोहोळ तालुका): दोन वर्षांची भगवा जातीच्या डाळिंबाची बाग आहे. लव्हाळ्याचं तण फार झालं म्हणून ओळींमध्ये ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं. आठ-दहा दिवसांत काही झाडांचे शेंडे पिवळे पडले आणि आता तीन आठवड्यांनी पानं बारीक निघताहेत. दुकानदार म्हणतो लोह कमी आहे, फेरस आणि अमिनो ॲसिडचं टॉनिक मारा. मारू का?

उत्तर: दादा, टॉनिकवर पैसे घालू नका. आपल्या सोलापूरच्या चुनखडीच्या रानात लोहाची कमतरता पडतेच, उसात आपण तिला केवडा म्हणतो, त्यामुळे दुकानदाराला तसं वाटणं साहजिक आहे. पण लोह कमी पडलं तर शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा होतो. तुम्ही आणलेली फांदी मी नीट पाहिली. पानाच्या शिराही पिवळ्या आहेत, पान सुतळीसारखं अरुंद आहे आणि एकाच डोळ्यातून चार-पाच किरटे फुटवे झुपक्याने आलेत. खालची जुनी पानं मात्र हिरवीगार. ही तणनाशकाचीच खूण.

आत काय होतं ते समजून घ्या. फिनाइलॲलानिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही तीन अमिनो आम्लं झाड स्वतः तयार करतं, आणि तिन्हींची सुरुवातीची वाट एकच. त्या वाटेवरचा मधला पदार्थ म्हणजे शिकिमिक आम्ल. १८८५ मध्ये जपानच्या शिकिमी नावाच्या झाडातून ते पहिल्यांदा वेगळं केलं, म्हणून हे नाव. आपल्या मसाल्यातल्या चक्रफुलातही ते भरपूर असतं. स्वाइन फ्लूवरचं ऑसेल्टामिविर औषध त्यापासूनच बनवत आले आहेत. शिकिमिक आम्लाच्या पुढच्या टप्प्यावर ईपीएसपी सिंथेज नावाचं विकर (एन्झाइम) काम करतं. ग्लायफोसेट नेमकं त्यालाच जखडतं. पाटाचं दार पाडावं तसं मागे शिकिमिक आम्ल तुंबतं आणि पुढची तिन्ही आम्लं तयार होत नाहीत. हे तणनाशक झाडातल्या साखरेबरोबर वाढत्या शेंड्याकडे आणि मुळांकडे जातं, म्हणून मार आधी कोवळ्या फुटीला बसतो. अमिनोच्या फवारणीने हे दार उघडत नाही. शिवाय आम्लाने प्रथिनं फोडून केलेल्या टॉनिकात ट्रिप्टोफॅन उरतच नाही, ते त्या प्रक्रियेत नष्ट होतं.

तणनाशक झाडात गेलं कुठून? माझा संशय बुडाशी येणाऱ्या फुटव्यांवर आहे. डाळिंबाला ते सारखे येतात, आणि खाली तण मारताना पंपाचा फवारा त्यांच्या पानांवर बसला की औषध थेट झाडात शिरतं. दोन वर्षांच्या झाडाची साल हिरवी असेल तर तिच्यातूनही जातं. चूक त्याच दिवशी लक्षात आली असती तर फुटवे लगेच कापून आणि पानं धुऊन फायदा झाला असता. आता धुऊन काही होणार नाही.

आता झाडाला ताण देऊ नका, ठिबक नियमित चालू ठेवा. झुपके असलेले शेंडे निरोगी लाकडापर्यंत छाटा आणि कात्री निर्जंतुक करून घ्या, तेल्या या जिवाणूंच्या रोगाची भीती आहेच. मार बसलेल्या झाडांवर यंदा बहार, म्हणजे फळाचा हंगाम, धरू नका. नवी फूट सरळ येईपर्यंत खताचा मारा वाढवू नका.

लव्हाळ्यासाठी खुरपणी आणि उसाच्या पाचटाचं जाड आच्छादन करा. लव्हाळा आच्छादनातूनही वर येतो, पण सारखा उपटत राहिलात तर त्याच्या जमिनीतल्या गाठी थकतात. ग्लायफोसेटला आपल्याकडे चहाचे मळे आणि बिगरपीक जागा यांसाठीच मान्यता होती, आणि ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेने ते फक्त कीड नियंत्रण चालकांमार्फतच वापरायचं ठरलं. डाळिंबाच्या बागेत ते मारायचंच नाही. माणसाच्या शरीरात ही शिकिमिक वाट नाही म्हणून औषध निर्धोक, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तयार औषधात इतर रसायनंही असतात आणि डोळ्यांना, कातडीला इजा होते. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यातून बागेवर दुसरं काहीही फवारू नका.

छाटणीनंतर महिनाभराने पुन्हा झुपका दिसला तर ओली फांदी पिशवीत घालून सकाळीच घेऊन या.